विलायतची वाट आणि मुंबईचे स्वयंपाकघर

विलायतेस जाऊन आलेल्या आपल्या लोकांविषयी जे काही लिहिले जाते त्यात समुद्राला फार मोठे स्थान मिळते. समुद्रोल्लंघन, समुद्रयान असे भारदस्त शब्द योजिले म्हणजे प्रकरण शास्त्रीय वाटू लागते, आणि आपल्या पूर्वजांस खाऱ्या पाण्याचीच भीती होती अशी वाचकाची समजूत होते. ही समजूत अर्धवट आहे. बौधायनाने समुद्रप्रवासाची गणना पतित करणाऱ्या कर्मांत केली, हे खरे. पुढे कलिवर्ज्यांच्या यादीत, नौकेने समुद्र ओलांडून आलेल्या द्विजास प्रायश्चित्तानंतरही व्यवहारात घेऊ नये, इतके कडक वचन आले, हेही खरे. परंतु ज्या कोकणपट्टीवर आंग्र्यांचे आरमार नांदले आणि जिच्यावरील माणूस मचव्यात किंवा गलबतात बसून पोटासाठी मुंबईस येत राहिला, तिने ही वचने फारशी मनावर घेतल्याचे दिसत नाही. ह्या वचनांचा साक्षेपाने धांडोळा घेणारे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे गिरगावातील आंग्रेवाडीत राहत, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. कलिवर्ज्याचा इतिहास लिहिला गेला तो आरमारवाल्यांचे नाव धारण करणाऱ्या वाडीत.

आमच्या मते प्रश्न पाण्यावरून जाण्याचा नव्हताच. पलीकडे गेल्यावर कोणाच्या हातचे पाणी प्यावे, हा प्रश्न होता. लंडन किंवा पॅरिस शहर पाहावयाचे म्हणजे तेथे राहावयाचे. राहावयाचे म्हणजे जेवावयाचे. आणि जेवणाचा हिशेब परत आल्यावर मुंबई-पुण्यात द्यावयाचा. राजवाडे, पूल, संग्रहालये ही सगळी ह्या हिशेबाच्या पलीकडे उभी होती. म्हणून युरोपच्या राजधान्या आपल्या लोकांनी कशा पाहिल्या हे समजून घ्यावयाचे असेल, तर प्रथम त्यांनी तेथे काय खाल्ले आणि घरी आल्यावर त्यांचे काय झाले, हे विचारले पाहिजे.

ह्या दृष्टीने पहिले प्रकरण रघुनाथराव पेशव्यांच्या वकिलाचे. मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयास गेलेल्या रघुनाथरावांनी आपली बाजू थेट विलायतेत मांडावी म्हणून हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील पाठविला. त्याच्याबरोबर मणियार नावाचा पारशी गृहस्थ होता. १७८१ साली ही मंडळी लंडनमध्ये होती. राजकारण काही साधले नाही. पुढच्याच वर्षी सालबाईचा तह झाला आणि १७८३ साली रघुनाथरावांचे निधन झाले. परंतु ह्या फसलेल्या वकिलातीची एक आठवण टिकून आहे. लंडनमधील त्यांचे हाल एडमंड बर्क यांच्या दृष्टीस पडले. हेस्टिंग्जवरील खटल्यामुळे ज्यांचे नाव आपल्या परिचयाचे झाले तेच हे बर्क. त्यांनी ह्या मंडळींना लंडनपासून सुमारे पंचवीस मैलांवर बीकन्सफील्ड येथे असलेल्या आपल्या घरी नेले, आणि घराला लागून झाडे जोपासण्यासाठी जे काचगृह असते ते त्यांच्या स्नानसंध्येसाठी व स्वयंपाकासाठी मोकळे करून दिले. इंग्लंडच्या एका श्रेष्ठ वक्त्याच्या बागेत, काचेच्या भिंतींआड, सोवळ्यात भात शिजत आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावे. परक्याच्या घरात आपल्यापुरती एक शुद्ध जागा मागणे आणि यजमानाने ती मनापासून देणे, ही दोन्ही सौजन्ये त्यात आहेत. मात्र अशा माणसाने लंडन कितीसे पाहिले असेल? ज्याचा स्वयंपाक एका ठिकाणी बांधलेला, त्याचे पायही तेथेच बांधलेले.

परत आल्यावर जे झाले ते विल्फर्ड नावाच्या कंपनीच्या एका अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. म्लेच्छ देशांतून आल्यामुळे वकील बहिष्कृत ठरले. अनेक सभा झाल्या. अखेर, त्यांचे वर्तन चांगले व हेतू देशहिताचा, म्हणून त्यांना पुन्हा जन्म द्यावा असा निर्णय झाला. सुवर्णाची योनिप्रतिमा करवून तिच्यातून त्यांना पार नेण्यात आले, आणि मग ते पंक्तीस बसण्यास योग्य ठरले. आज हे वाचून हसू येते. परंतु त्या शास्त्रीमंडळींनी कलिवर्ज्याचे वचन शब्दशः पाळले असते तर प्रायश्चित्ताचा प्रश्नच उरला नसता. त्यांनी वाट काढली. ती वाट सोन्याची होती, म्हणजे सोने देऊ शकणाऱ्या माणसापुरतीच होती, एवढे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

पारशी समाजास ही अडचण त्या मानाने कमी, आणि म्हणून निव्वळ कुतूहलाने लंडन पाहिल्याचे पहिले सविस्तर वर्णन मुंबईकडून गेले ते पारशांचे. मुंबईच्या गोदीतील प्रसिद्ध वाडिया घराण्यातील जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण १८३८ साली जहाजबांधणी शिकण्यास गेले. त्यांचे इंग्रजी पुस्तक १८४१ साली लंडनमध्येच प्रसिद्ध झाले. रीजंट पार्कातील प्राणिसंग्रहालय पाहावयास ते गेले तेव्हा त्यांच्या पोशाखामुळे लोकांची एवढी गर्दी भोवती जमली की, पशुपक्ष्यांइतकेच आपणही प्रेक्षणीय ठरलो असे त्यांनी मिस्कीलपणे नमूद केले आहे. याच सुमारास सातारच्या पदच्युत प्रतापसिंह महाराजांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले, आणि सुमारे चौदा वर्षे दारे ठोठावून १८५३ साली रिकाम्या हातांनी परतले. चौदा वर्षे लंडनमध्ये राहिलेला हा मराठी माणूस त्या शहराचा आपल्याकडील सर्वांत मोठा जाणकार असला पाहिजे. परंतु तो काही शहर पाहावयास गेला नव्हता.

१८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला आणि केपला वळसा घालून कित्येक महिन्यांनी होणारा प्रवास तीन-चार आठवड्यांवर आला. अंतर तुटले, हिशेब तुटला नाही. १८८८ साली राजकोटहून आलेला एक अठरा वर्षांचा तरुण बॅरिस्टरीसाठी जाण्यास निघाला, तेव्हा मुंबईतील मोढ वाण्यांची ज्ञातिसभा भरली. त्याला जातीबाहेर टाकण्यात आले, आणि जो कोणी त्याला मदत करील किंवा धक्क्यावर निरोप देण्यास जाईल त्यास सव्वा रुपया दंड ठरला. मोहनदास करमचंद गांधी ४ सप्टेंबर रोजी निघाले ते निघालेच. आईला दिलेल्या वचनामुळे लंडनमध्ये कित्येक दिवस त्यांचे पोट भरले नाही. पुढे फॅरिंग्डन रस्त्यावर शाकाहारी उपाहारगृह सापडले तेव्हा कोठे ते पोटभर जेवले. पुढे पॅरिसच्या प्रदर्शनास गेले असता त्यांनी शाकाहारी खानावळ हुडकून तेथेच बिऱ्हाड केले, नोत्रदामचे देऊळ पाहिले, आयफेल मनोऱ्यावर चढले, आणि त्याच्या पहिल्या मजल्यावरील उपाहारगृहात केवळ ‘एवढ्या उंचावर जेवलो’ असे म्हणता यावे म्हणून सात शिलिंग उडविले. सात शिलिंग म्हणजे त्या वेळचे पाचाच्या आसपास रुपये. मुंबईच्या ज्ञातिसभेने त्यांना निरोप देणाऱ्यास केलेल्या दंडाची ही चौपट होते. पुढच्या काटकसरी आयुष्यात त्यांना ह्या चैनीची आठवण राहिली व ती त्यांनी आत्मकथेत लिहिली, हे आमच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. कारण युरोपच्या राजधानीत केवळ हौसेखातर केलेल्या जेवणाची इतकी प्रांजळ नोंद त्या पिढीत क्वचितच आढळेल. १८९१ साली परतल्यावर नाशिकला गोदावरीचे स्नान आणि राजकोटला ज्ञातिभोजन, असा हिशेब मिटविण्यात आला. तोही पुरता मिटला नाही.

गांधी गेल्याच्या पुढच्या वर्षी मुंबईहून रखमाबाई लंडनला गेल्या. बालपणी लावून दिलेल्या पतीकडे नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले, त्यावरून चाललेला खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात गाजला होता. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकून त्या डॉक्टर झाल्या आणि सुरतेस येऊन रुग्णसेवेस लागल्या. त्यांना लंडनच्या प्रेक्षणीय स्थळांविषयी विचारणे हा थोडा उद्धटपणाच ठरला असता. जिला स्वतःच्या शहरात स्वतःच्या घरी राहण्याचा हक्क न्यायालयात जाऊन मागावा लागला, तिला टेम्स नदीच्या काठाने एकटीने चालत जाणे हीच केवढी प्रेक्षणीय गोष्ट वाटली असेल!

आणि विलायतेस कशाला, पुण्यातच काय झाले ते पाहावे. १८९० च्या ऑक्टोबरात पंच हौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा व बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी कपाला नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी सर्वांची नावे छापून टाकली, आणि शंकराचार्यांकडून चौकशी बसण्यापर्यंत मजल गेली. त्या यादीत रानडे होते, टिळक होते. दोघांनाही ह्या ना त्या रीतीने प्रायश्चित्ताचा आधार घ्यावा लागला. एका पेल्यासाठी पुण्याची सर्वोत्तम बुद्धी दोन वर्षे गुंतून पडली, हे वाचताना आम्हांस आजही खेद होतो.

मग हे बदलले कसे? सुधारकांच्या व्याख्यानांनी बदलले असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. व्याख्यानांचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. तो तर आमचाच धंदा. परंतु मुंबईत हे काम अधिक मुकाट्याने खानावळींनी केले. गावाकडून एकटा आलेला कारकून किंवा गिरणीकामगार रोज दोन वेळा जेवणार कोठे? गिरगावात कारकुनांच्या व विद्यार्थ्यांच्या खानावळी निघाल्या. लालबाग-परळ भागात चाळींतून बायाबापड्या डाळभात-भाकरीवर गिरणीतील माणसे पोसू लागल्या. कोपऱ्याकोपऱ्यावर इराणी आला. आरंभी ह्या खानावळींतही जात पाहूनच पाट मांडले जात, आणि पाटीवर तसे लिहिलेले असे. परंतु पैसे देऊन, अनोळखी माणसाने रांधलेले, अनोळखी माणसाशेजारी बसून खावयाचे, ही सवय एकदा जडली म्हणजे शास्त्राधार शोधण्याची गरज हळूहळू कमी होते. इराण्याच्या दुकानात बशीत चहा ओतून पिणाऱ्या गिरगावकरास पंच हौदाचे प्रकरण पुढे समजेनासेच झाले. लंडनला जाण्याची खरी पूर्वतयारी अशी ग्रँट रोडच्या नाक्यावर झाली.

दादासाहेब फाळके हे ह्याचे उत्तम उदाहरण आहे. त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्याचा हा मुलगा. गिरगावातील तंबूत ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहून त्याच्या मनाने घेतले की, आपले देव असे पडद्यावर आले पाहिजेत. १९१२ च्या फेब्रुवारीत तो विम्याच्या पॉलिसीवर काढलेल्या कर्जाच्या बळावर लंडनला गेला. वंदनीय माणसास आम्ही येथे एकेरी संबोधिले ते आपुलकीने. ‘बायोस्कोप’ ह्या साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांची ओळखपाळख नसता त्यांनी भेट घेतली. केबर्न यांनी प्रथम परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, आणि मग सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील चित्रशाळेत त्यांना पोहोचविले. विल्यमसन कॅमेरा, छिद्रे पाडण्याचे यंत्र व कच्च्या फिल्मची तजवीज करून १ एप्रिलला फाळके मुंबईत परत. येथे सुवर्णयोनी नाही, ज्ञातिसभेचा दंडही नाही. हणमंतरावाला पाप आडवे आले होते. फाळक्यांना आडवा आला तो पैसा. दादरला त्यांची चित्रशाळा उभी राहिली, सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधू लागल्या, आणि तारामतीच्या कामास स्त्री मिळेना तेव्हा ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातील साळुंके नावाचा तरुण उभा करण्यात आला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात जो ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांनी पाहिला, त्याचा कॅमेरा लंडनचा आणि राणी मुंबईच्या खानावळीतली होती.

येथवर आलेली हकीकत वाचकांस सुखान्त वाटली असेल. तशी ती नाही. कारण आतापर्यंत आपण पाहिला तो मुख्यतः वर बसलेल्यांच्या ताटाचा इतिहास. पंक्तीतून उठविले जाण्याची भीती पंक्तीत बसलेल्यालाच असते. ज्याला पंक्तीत कधी घेतलेच नाही, त्याची लंडनयात्रा कशी झाली?

१९१८ च्या अखेरीस लोकमान्य टिळक चिरोलवरील अब्रूनुकसानीच्या दाव्यासाठी लंडनला पोहोचले. मेडा व्हेल भागात हौली प्लेस येथील १० क्रमांकाच्या घरात त्यांचे बिऱ्हाड होते. शाकाहार त्यांनी सोडला नाही. फेब्रुवारी १९१९ मध्ये दावा हरला. तरी मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशी बोलणी, सभा, लेख यांत वर्षभर घालवून ते नोव्हेंबरात परतले. साठी उलटलेला, मधुमेहाने थकलेला हा पुरुष त्या थंडीत ज्या निग्रहाने काम करीत राहिला, त्याविषयी आदरच वाटतो. पुढे १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईतील सरदारगृहात त्यांचे निधन झाले.

त्याआधी थोडेच दिवस, जुलैच्या आरंभी, परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतून निघालेले एक प्राध्यापक मुंबईहून लंडनच्या वाटेला लागले होते. डॉ. भीमराव आंबेडकर १९१६ साली प्रथम लंडनला गेले होते. पैशाअभावी अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. मग सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून, शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना ह्या मित्राचे कर्ज घेऊन ते पुन्हा निघाले. ह्या नोकरीच्या काळातील एक गोष्ट त्यांच्या चरित्रांत येते. प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावावा यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. सगळे पदवीधर, सगळे इंग्रजी वाङ्मय व अर्थशास्त्र शिकविणारे. कित्येकांच्या तोंडी मिलचे स्वातंत्र्यावरील विचार असतील. आम्ही स्वतः अशाच खोल्यांत उभी हयात घालविली आहे. त्या भांड्यावरून नजर पुढे नेणे आम्हांस जड जाते.

लंडनमध्ये प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवरील घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले. सकाळी घरमालकिणीने दिलेला पावाचा तुकडा आणि चहा, दिवसभर ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयात उपाशी वाचन, संध्याकाळी बोव्हरिलचा गरम पेला व बिस्किटे. आणि रात्री भूक असह्य झाली की, एका ओळखीच्या गुजराती गृहस्थाने दिलेले पापड तव्यावर भाजून घ्यावयाचे व पुन्हा पुस्तक उघडावयाचे. बोव्हरिल म्हणजे मांसाचा अर्क. हणमंतरावास जे पाहूनही प्रायश्चित्त लागले असते ते हा विद्यार्थी पीत होता, आणि परत गेल्यावर कोणी त्याचा हिशेब मागणार नव्हते. कारण त्याला पानावर बसू देण्याचाच प्रश्न नव्हता. त्यालाही लंडन फिरून पाहण्यास सवड नव्हती. परंतु त्या विशाल घुमटाखालच्या वाचनालयात तो वाटेल त्या मेजाशी बसू शकत होता, आणि तहान लागली असता तेथे पाणी पिताना कोणी त्याची जात विचारीत नव्हते. १९२३ साली डी. एस्‌सी. त्यांना मिळाली. त्याच वर्षी, ती मिळण्याआधीच, बॅरिस्टरी घेऊन ते परत आले होते. महाडच्या चवदार तळ्यावरील सत्याग्रह १९२७ चा. पुढचा लढा पाण्याच्याच ओंजळीने सुरू व्हावा, ह्यात आम्हांस नवल वाटत नाही.

आज ह्यातले काय उरले आहे? दादरच्या रस्त्यांवर प्रवासी कंपन्यांच्या पाट्या आहेत. लंडन, पॅरिस, रोम अशा राजधान्या दहा-बारा दिवसांत दाखवून आणण्याचे त्यांचे वायदे असतात, आणि बिग बेन व आयफेल मनोऱ्याच्या चित्रांखाली ठळक अक्षरांत छापलेले असते की, रात्रीचे जेवण भारतीय मिळेल. ह्यास आम्ही हसत नाही. परक्या शहरात आठ दिवस हिंडल्यावर आमटीभाताची ओढ कोणास लागत नाही? काणे स्वतः १९४८ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेस गेले होते, आणि कलिवर्ज्याची सगळी वचने ज्यांना तोंडपाठ असतील असा दुसरा माणूस त्या शहरात नसावा. एवढेच वाटते की, ह्या सहलींतून परतणाऱ्यांनी केवळ छायाचित्रे आणू नयेत. जेवलो कोठे, कोणाच्या शेजारी, काय चाखले व काय चाखण्याचे धैर्य झाले नाही, हेही लिहून ठेवावे.

लंडनला जाणाऱ्या मराठी कुटुंबांस एक सूचना कराविशी वाटते. टिळकांच्या हौली प्लेसमधील घरावर निळी स्मृतिचकती आहे. ती रस्त्यावरूनच पाहावयाची. किंग हेन्रीज रोडवरील आंबेडकरांचे घर महाराष्ट्र शासनाने घेतले असून २०१५ पासून ते स्मारक आहे. योगायोगाने त्या घराचाही क्रमांक १० च. दोन्ही घरे एका दुपारी पाहून होतात. त्यांच्यामधील वाट पायी तासाभराचीही नाही.